महापुराची भीती आणि तारवाची मापे

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मेढ्यात वृक्षारोपणाच्या निमित्ताने एक कार्यक्रम झाला. आमच्या धर्मग्रामातील मोजकी कुटुंबे जावळी तालुक्यात विखुरलेली आहेत. त्यांच्या आग्रहावरून आम्हीही गेलो होतो. केळघरच्या बाजूने, कुसुंबीच्या बाजूने, बामणोलीच्या रस्त्यावरील वाड्यांतून शेतकरी आले होते. सभागृहाच्या दाराशी आंबा, फणस, जांभूळ, हिरडा, करंज यांची रोपे काळ्या पिशव्यांतून ओळीने मांडून ठेविली होती. सभा संपल्यावर प्रत्येकाने पाच रोपे घरी न्यावीत, अशी योजना होती.

व्याख्याते अभ्यासू होते आणि त्यांची तळमळही खरी होती. दीड तास ते पडद्यावर चित्रे दाखवीत बोलले. वितळणारे हिमनग झाले, पाण्याखाली गेलेली शहरे झाली, भेगाळलेल्या जमिनीवर पडलेली जनावरांची हाडे झाली. मग ते सह्याद्रीकडे वळले. डोंगर खचत आहेत, झरे आटत आहेत, पाऊस वेडा झाला आहे, आणि आता वेळ निघून गेली आहे, असे सांगून त्यांनी भाषण संपविले. टाळ्या झाल्या. समारोपाचे दोन शब्द बोलण्यासाठी आम्हाला उभे करण्यात आले, आणि प्रकटीकरणाच्या ग्रंथातील क्रोधाच्या सात वाट्या आम्ही त्या श्रोत्यांच्या माथ्यावर आमच्या परीने ओतल्या. आम्हालाही टाळ्या मिळाल्या.

लोक बाहेर पडले तेव्हा निम्म्याहून अधिक रोपे जागच्या जागी राहिली. आम्ही एका वयस्क शेतकऱ्याला हाक मारून विचारले, "बाबा, रोपे नाही नेलीत?" त्याने टोपी सारखी केली आणि शांतपणे म्हटले, "फादर, डोंगरच जायचा असंल, तर रोप कुनासाठी लावायचं?"

वाचकहो, त्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. दीड तासाच्या विद्वत्तेतून आणि आमच्या दहा मिनिटांच्या वक्तृत्वातून त्या माणसाने जो निष्कर्ष काढला, तो तर्काला सोडून मुळीच नव्हता. आम्हीच त्याला सांगितले होते की सारे संपले आहे. त्याने आमच्यावर विश्वास ठेवला, एवढाच त्याचा दोष. हा लेख त्या दिवसाच्या पश्चात्तापातून लिहिला आहे, आणि पर्यावरणाच्या नावाने आज सर्वत्र चाललेल्या भयप्रचाराविरुद्ध आम्ही तो लिहीत आहोत.

आमचा आक्षेप नेमका कोणता, ते प्रथम सांगू. संकट खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. वातावरण तापत आहे, ते माणसाच्या कृतीने तापत आहे, आणि त्याची झळ गरिबाला आधी बसत आहे, यात आम्हाला तिळमात्र शंका नाही. आमचा आक्षेप एवढाच की, जो माणूस भीती सांगतो आणि त्याच दमात करावयाचे काम सांगत नाही, तो श्रोत्याला जागे करीत नाही, लुळा करतो. आणि लुळा झालेला माणूस कोणाच्या उपयोगी पडतो, हेही पुढे पाहू.

या विषयावर बोलण्याचा अधिकार आम्हाला थोडाफार आहे, कारण भीती दाखविण्याचा व्यवसाय आमचा फार जुना आहे. आमच्या बालपणी गावात प्रवचनांचा सप्ताह होई. बाहेरून आलेले धर्मगुरू तिसऱ्या रात्री नरकावर बोलत. दिवे मंद केलेले असत. अग्नी, अंधार, दात खाणे, आणि कधीही न संपणारा काळ! बायका डोळ्यांना पदर लावीत, दारुडे थरथरत, आणि दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त संस्कारासाठी देवळाबाहेरपर्यंत रांग लागे. पुढे सेमिनरीत प्रवचनशास्त्र शिकताना आम्हालाही त्या रांगेचा मोह पडला होता. धर्मग्राम हाती आल्यावर आम्ही तसे प्रवचन करूनही पाहिले. रांग लागली. दोन महिन्यांनी तोच दारुडा त्याच गुत्त्यावर होता. फरक एवढाच पडला होता की आता तो आम्हाला पाहून रस्ता बदलत असे. भीतीने तो दारूपासून दूर गेला नाही, आमच्यापासून दूर गेला. रोज मरे त्याला कोण रडे, म्हणतात. रोज जगबुडी ऐकणाऱ्याचेही तसेच होते.

आमचा हा अनुभव एकट्याचा नाही. १९५३ साली अमेरिकेत इर्विंग जॅनिस आणि सेमूर फेशबॅक या दोन मानसशास्त्रज्ञांनी शाळकरी मुलांसमोर दातांच्या निगेवर तीन प्रकारची व्याख्याने ठेविली. एका गटाला सडलेल्या हिरड्यांची भीषण चित्रे दाखविली, दुसऱ्याला मध्यम, तिसऱ्याला सौम्य. भीषण चित्रे पाहिलेली मुले सर्वांत अधिक घाबरली. पण आठवड्यानंतर पाहता, सांगितलेली निगा राखण्यात सौम्य गट ३६ टक्क्यांनी सुधारला होता आणि घाबरलेला गट अवघ्या ८ टक्क्यांनी.

यावरून कोणी म्हणेल, भीती टाकूनच द्यावी. तसेही नाही. १९६५ साली येल विद्यापीठात हॉवर्ड लेवेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वाताची भीती घातली आणि लस टोचून घ्या म्हणून सांगितले. विद्यार्थी घाबरले, लस घ्यावयास हवी असेही म्हणाले. प्रत्यक्ष घेतली ती शेकडा सुमारे तिघांनी. दुसऱ्या काही विद्यार्थ्यांना त्याच माहितीसोबत आरोग्यकेंद्र कोठे आहे याचा नकाशा, लस देण्याच्या वेळा, आणि आपल्या आठवड्याच्या वेळापत्रकात कधी जाता येईल ते ठरवा, एवढी सूचना दिली. त्यांच्यापैकी शेकडा सुमारे २८ जणांनी लस घेतली. ते केंद्र कोठे आहे हे त्या मुलांना ठाऊक नव्हते असे नाही. तरीही नकाशाने फरक पडला. नुसता नकाशा, भीतीवाचून, तोही पुरेसा ठरला नव्हता. दोन्ही एकत्र हवे होते.

१९९२ साली किम विट या संशोधिकेने याची उपपत्ती मांडली. भीतीचा निरोप ऐकणारा माणूस मनाशी दोन प्रश्न विचारतो. हे संकट माझ्यापर्यंत येईल काय? आणि आले तर माझ्या हातून काही होण्यासारखे आहे काय? दोन्हींचे उत्तर होकारार्थी आले तर तो संकटाच्या मागे लागतो. दुसऱ्याचे उत्तर नकारार्थी आले तर तो संकट सोडून आपल्या भीतीचाच बंदोबस्त करू लागतो. कान झाकून घेतो, थट्टा करतो, 'देवाची इच्छा' म्हणतो, किंवा सांगणाऱ्यालाच खोटा ठरवितो. मेढ्याच्या सभेत आम्ही पहिल्या प्रश्नाचे उत्तर दीड तास दिले. दुसऱ्याला आम्ही स्पर्शही केला नाही.

तरुणांची स्थिती याहून चिंताजनक आहे. २०२१ साली भारतासह दहा देशांतील १६ ते २५ वर्षे वयाच्या १०,००० तरुणांची मते घेण्यात आली. मानवजातीचा विनाश अटळ आहे, या विधानाशी त्यांपैकी ५६ टक्के सहमत होते. संकट गंभीर आहे असे मानणारी तरुण पिढी हे शुभचिन्ह होय. पण विनाश अटळ आहे असे मानणारी पिढी कोणते रोप लावील आणि कोणती लढाई लढेल?

येथे एखादा चोखंदळ वाचक आम्हाला आमच्याच शास्त्राने अडवील. देवाने नोहाला भीती घातली नव्हती काय? योनाने निनवेत चाळीस दिवसांत नाश होईल अशी दवंडी पिटली नव्हती काय? पिटली होती. म्हणूनच ती पाने पुन्हा उघडून पाहावीत. उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात महापुराची बातमी मोजक्या वाक्यांत आहे. तिच्या मधोमध येतात ती तारवाची मापे. लांबी ३०० हात, रुंदी ५० हात, उंची ३० हात. मजले तीन. दार बाजूस. लाकूड कोणते घ्यावे, राळ आतून लावावी आणि बाहेरूनही. सुताराला घरून कामावर निघता यावे इतका हा तपशील आहे. देवाने नोहाला घाबरवून सोडून दिले नाही, त्याच्या हाती काम दिले. आमच्या व्याख्यात्यांच्या पडद्यावर पूर असतो, तारू नसते. तारू असलेच तर त्याची मापे नसतात.

निनवेची गोष्ट तर अधिक बोधक आहे. योना हा खरोखरच आजच्या भयप्रचारकांचा आद्यपुरुष. त्याने नाश सांगितला, उपाय सांगितला नाही. आणि नगरी वाचली तेव्हा आपले भाकीत खोटे ठरले म्हणून तो रुसून बसला! निनवे वाचली ती तिच्या राजामुळे. तो सिंहासनावरून उतरला, राखेत बसला, आणि माणसांनी कोणते व्रत करावे याचा हुकूम त्याने काढला. सोबत 'कदाचित देव माघार घेईल' अशी आशेची फट ठेविली. योनाने जे सांगितले नाही ते राजाने केले. दर गावाला असा राजा मिळेल, या भरवशावर योनांनी राहू नये.

भयप्रचाराचा दुसरा दोष म्हणजे अतिशयोक्ती. भीतीचा स्वभावच असा की कालचे प्रमाण आज पुरत नाही. हवामानबदलावरील आंतरराष्ट्रीय मंडळाच्या २००७ च्या अहवालात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील, असे विधान शिरले होते. त्याला शास्त्रीय आधार नव्हता, आणि जानेवारी २०१० मध्ये मंडळाला ती चूक कबूल करावी लागली. हजारो पानांच्या काटेकोर अहवालातील ते एक विधान होते. हिमनद्या वितळत आहेत हे सत्य तेव्हाही होते आणि आजही आहे. पण त्या एका तारखेने, सारेच थोतांड आहे असे म्हणणाऱ्यांच्या हाती आयते कोलीत दिले. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. ती व्यासपीठावर चढताना आठवली तर बरे.

आता दूरचे सोडून घरचे पाहू. मेढा ज्या जावळी तालुक्याचे ठाणे आहे, त्याच तालुक्याने महाराष्ट्राला एक धडा दिलेला आहे. दारूचे दुष्परिणाम येथील बायकांना कीर्तनातून, प्रवचनातून, भिंतीवरील चित्रांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले होते. खरे तर सांगावयाची गरजच नव्हती. ते रोज घरात दिसत होते. त्याने एकही दुकान बंद झाले नाही. पुढे शासनाच्या नियमाने एक साधन हाती आले. गावातील चौथाई महिला मतदारांनी मागणी केली तर मतदान घ्यावयाचे, आणि निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीच्या बाजूने कौल दिला तर दुकान बंद व्हावयाचे. मतपत्रिकेवर दोनच चित्रे: उभी बाटली आणि आडवी बाटली. जावळीच्या स्त्रियांनी गावोगाव सह्या गोळा केल्या, रांगा लावून शिक्के मारले आणि परवानाधारक दुकाने बंद पाडली. चोरटी दारू त्यामुळे संपली असे कोणी म्हणणार नाही. पण जे भीतीला शतकभर जमले नाही, ते दोन चित्रांच्या एका कागदाने केले. त्या स्त्रिया निर्भय होत्या म्हणून नव्हे. त्यांना आकडा ठाऊक होता, चौथाई आणि निम्म्याहून अधिक; म्हणून.

सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात पाण्याचेही असेच झाले. दुष्काळाची भीती माण, खटाव, कोरेगावला कोणी शिकवावी? २०१६ साली पानी फाउंडेशनची पहिली स्पर्धा झाली तेव्हा कोरेगाव तालुक्यातील वेळू गाव राज्यात पहिले आले, आणि २०१८ साली माण तालुक्यातील टाकेवाडी. या कामाच्या दीर्घकालीन फलिताविषयी जाणकारांत मतभेद असू शकतील. आम्ही पाहतो ते एवढेच, की दुष्काळाची व्याख्याने ऐकून न उठलेली गावे हातात कुदळ-फावडी घेऊन उठली. कारण त्यांना उताराची समपातळी कशी काढावी, चर किती खोल खणावा, कोणत्या दिवसापर्यंत खणावा, हे शिकविले गेले होते. मुदत होती अवघ्या दीड महिन्याची.

आणि आपल्या ख्रिस्तसभेतील उदाहरण तर आपण विसरता कामा नये. हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय धर्मगुरू. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात त्यांनी आयुष्य वेचले. तेथील सोशल सेंटरचे काम त्यांनी १९६०च्या दशकात उभे केले, १९७२ चा दुष्काळ डोळ्यांनी पाहिला. त्या दुष्काळाची भीषण वर्णने करीत ते हिंडले असते तर युरोपातून देणग्या आल्या असत्या आणि गावे होती तशीच राहिली असती. त्यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात गावाला सांगितले गेले ते असे: आधी श्रमदान करून दाखवा. मोकाट चराई बंद करा. कुऱ्हाड बंद करा. काम माथ्यापासून पायथ्याकडे न्या. मग तज्ज्ञ माणूस शेतकरी कुटुंबाला बरोबर घेऊन त्याच्या शेतात उभा राही आणि या तुकड्यात बांध, या तुकड्यात चर, येथे गवत, असे ठरे. १९९३ साली स्थापन झालेल्या 'वॉटर' या संस्थेने हे काम पुढे नेले. फादर बाखर २०२१ साली वारले. त्यांनी किती प्रवचने केली ते कोणाच्या स्मरणात नसेल, पण ते बांध पाहावयास लोक आजही जातात.

भीती निरुपयोगी ठरते एवढ्यावरच ती थांबती, तर आम्ही हा लेख लिहिला नसता. ती दुसऱ्याच्या उपयोगी पडते. पश्चिम घाटाचेच पाहा. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०११ च्या ऑगस्टात केंद्र शासनाला अहवाल दिला. या डोंगराचे काय करावयाचे ते ग्रामसभांना विचारून ठरवावे, हा त्याचा गाभा. तो अहवाल लोकांपुढे येण्यास २०१२ उजाडले, तोही माहितीच्या अधिकाराची लढाई झाल्यावर. तोपर्यंत, आणि त्यानंतरही, गावोगाव पोहोचल्या त्या दोन भीती. एक म्हणे, डोंगर संपला. दुसरी म्हणे, आता तुम्हाला घर बांधता येणार नाही, विहीर खणता येणार नाही, तुम्हाला उठविणार. केरळात, इडुक्कीच्या डोंगराळ भागात, २०१३ साली या दुसऱ्या भीतीच्या अग्रभागी आपलेच धर्मबांधव होते आणि काही धर्माधिकारीही होते, हे लिहिताना आमची लेखणी अडखळते, परंतु लिहिले पाहिजे. तेथील शेतकऱ्यांची चिंता सर्वस्वी निराधार नव्हती. पण अहवालाचे पान उघडून, ग्रामसभेला येथे कोणता अधिकार आहे ते समजावून देण्याऐवजी भीतीला भीतीने उत्तर दिले गेले. संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा मसुदा २०१४ पासून पुन्हा पुन्हा निघत राहिला. ३१ जुलै २०२४ रोजी सहाव्यांदा निघाला, त्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र होते. दोन भीतींच्या मध्ये सापडलेल्या गावकऱ्याने ग्रामसभेत जाऊन बोलावे असे कोणाला वाटलेच नाही.

अशा गोंधळलेल्या गावकऱ्याच्या ओटीवर मग एक तिसरा माणूस येऊन बसतो. तो भीती घालत नाही. तो भाव सांगतो.

टोपी सारखी करणारा तो शेतकरी आम्हाला दिवाळीनंतर पुन्हा भेटला. उतारावरचा दोन एकरांचा तुकडा त्याने शहरातल्या माणसाला देऊन टाकला होता. "डोंगर ऱ्हायाचा न्हाई म्हन्त्यात," तो म्हणाला, "मग पैसं तरी हाताला लागू देत." त्या तुकड्यावर त्याच्या आजोबाने लावलेले हिरड्याचे झाड होते. आता तेथे यंत्राने कडा कापून रस्ता काढला आहे. उतार कापल्याने डोंगर खचतो, हेच त्या सभेत पडद्यावर दाखविले होते! आमच्या भाषणाने डोंगर वाचला नाहीच, तो कापणाऱ्याला जमीन मात्र स्वस्तात मिळाली. या व्यवहाराची दलाली आम्ही घेतली नसेल, पण काम आम्ही दलालाचेच केले.

येथे आमच्यावर एक आरोप येईल. मग काय सत्य झाकावे? माळीण झाकावे? ३० जुलै २०१४ च्या सकाळी सुमारे १५० माणसे गाडली गेली ते गाव विसरावे? २२ जुलै २०२१ पासूनच्या एका दिवसात महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला, पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडींनी घरे गिळली, महाडकडे तळिये गाव गेले, ते सांगू नये?

सांगावे. स्पष्ट सांगावे, आकड्यांसह सांगावे. पण माळीण सांगणाऱ्याने पुढचे वाक्यही सांगावे. उतारावर नवी भेग दिसली, झाड किंवा विजेचा खांब कलू लागला, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले अथवा थांबले, घराची दारे उगाच अडकू लागली, तर त्या रात्री घरात निजू नये. कोठे जावे, चावी कोणाकडे, म्हाताऱ्याला कोण उचलील, हे मे महिन्यात ठरवावे. वाडीवर एक पर्जन्यमापक असावे आणि शाळेतील मुलांनी रोज त्याची नोंद करावी. हे स्वप्नरंजन नव्हे. केरळातील वायनाड जिल्ह्यात कल्पेट्टा येथील ह्यूम सेंटर या संस्थेने सुमारे २०० पर्जन्यमापकांचे असे जाळे उभारले आहे. २०२० च्या पावसाळ्यात त्यांच्या इशाऱ्यावरून मुंडक्कै येथील लोकांना आधीच हलविण्यात आले. दरड आली, माणसे वाचली. ३० जुलै २०२४ च्या पहाटे त्याच परिसरात दरड आली तेव्हाही इशारा आदल्या दिवशी दिलेला होता. त्या वेळी माणसे वेळेत हलली नाहीत आणि २५० हून अधिक जीव गेले. दोन्ही वेळी संकट तेच आणि इशाराही तोच. पहिल्या वेळी इशाऱ्याला पाय फुटले, दुसऱ्या वेळी फुटले नाहीत.

जगाच्या व्यवहारातही हेच दिसते. ओझोनच्या थराला अंटार्क्टिकावर छिद्र पडल्याचे १९८५ साली जाहीर झाले आणि १९८७ साली माँट्रियल येथे करार झाला. भीती मोठी होती, पण दोषी वायूंची नावे माहीत होती, ते कोणत्या यंत्रात वापरतात ते माहीत होते, आणि किती वर्षांत किती टक्के कमी करावयाचे ते कागदावर लिहिले गेले.

आमच्या धर्मबांधवांनाही येथे दोन शब्द सुनावले पाहिजेत. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' हे विश्वपत्र लिहिले. आपल्या धर्मग्रामांत त्यावर चर्चासत्रे झाली. त्या चर्चासत्रांत आम्ही पाहिले ते असे की पृथ्वीच्या दुखण्यांचे वर्णन करणारा पहिला अध्याय सर्वांना तोंडपाठ, आणि पाणी कसे वाचवावे, खाण्यापुरतेच कसे शिजवावे, कचरा कसा वेगळा करावा, झाड कसे लावावे असे साधे बोलणारी पुढची पाने कोरीच्या कोरी राहिलेली. चर्चासत्रानंतरचे भोजन प्लास्टिकच्या पत्रावळींवर!

म्हणून आमची मागणी आहे, आणि ती प्रथम आमच्या स्वतःकडे आहे. जो कोणी डोंगरातल्या माणसापुढे पर्यावरणावर बोलावयास उभा राहील, त्याने संकटाच्या प्रत्येक चित्रासोबत एक काम सांगावे. ते काम त्या माणसाच्या हातातले असावे, त्याला माप असावे आणि त्याला तारीख असावी. ज्या धुराचा कर्ता तो नाही, त्या धुराचे पाप त्याच्या पदरात घालू नये. जे काम शासनाचे आहे ते शासनाचे म्हणून सांगावे, आणि तेथे अर्ज कोणता, ठराव कोणता, ते सांगावे. ज्याला हे सांगता येत नसेल त्याने आधी शिकून यावे, तोवर श्रोत्यांत बसावे. आम्ही स्वतः यंदा श्रोत्यांत बसलो आहोत. मेढ्याकडच्या आमच्या कुटुंबांसमवेत फेब्रुवारीत वणव्यापूर्वी एका उतारावर जाळरेषा काढली. गवत कोठवर कापावे, पाला कोणत्या बाजूस ओढावा, वारा कोणत्या वेळी पडतो, हे गावच्या लोकांनी आम्हाला शिकविले. दोन दिवसांचे काम. उतार लहानसाच. त्याने पृथ्वी वाचली नाही. गेल्या वर्षी उरलेली रोपे आम्ही ज्या खड्ड्यांत लावली होती, ती वाचली.

यिर्मया संदेष्ट्याइतकी भीती कोणी सांगितली नसेल. यरुशलेम पडणार, हे तो आयुष्यभर सांगत राहिला. शेवटी बाबेलच्या सैन्याने नगरीला वेढा घातला, तो स्वतः पहाऱ्याच्या चौकात कैदेत होता, आणि त्याचे भाकीत खरे ठरण्याच्या बेतात होते. अशा वेळी त्याने काय केले? त्याच्या चुलतभावाचे अनाथोथ गावी शेत होते. ते त्याने १७ शेकेल रुपे तोलून देऊन विकत घेतले. साक्षीदार बोलावले, खरेदीखत केले, मोहोर लावली, आणि ते बारूखाकरवी मातीच्या मडक्यात ठेवविले, पुष्कळ दिवस टिकावे म्हणून.

भीती सांगण्याचा अधिकार आम्ही त्यालाच देऊ, ज्याच्या घरी असे एक मडके आहे.